नाव दुसऱ्या भागात

"वहिनी, मान जरा वर करा. तोंडावर सावली पडतेय," मी म्हटलं, तर जयमालावहिनींनी मान एवढी वर केली की मोबाईलमध्ये नुसती हनुवटी दिसायला लागली.

"एवढी नाही हो. रोज माझ्याशी बोलता तसं बोला."

"रोज तुझ्याशी बोलते ते जगाला दाखवलं तर दुकान बंद पडंल तुझं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. ते हसू मी बरोबर पकडलं. व्हिडिओची पहिली तीन सेकंदं मला तिथंच मिळाली.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, विट्यातली. तिथं आमचं मॅचिंग सेंटर आहे. परकर, अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस असला सगळा माल. बाबा गेल्यावर दुकान माझ्या गळ्यात पडलं, आणि सव्वीस वर्षांची बिनलग्नाची धनश्री ते कधी बुडवते हे बघायला गल्ली टपून बसली. मीही काही गप्प बसणारी नव्हते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बायकांना मोबाईलपुढं बसवून मी उखाणे घ्यायला लावायचे आणि त्याचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करून टाकायचे. खात्याचं नाव 'नाव घ्या की'. वर्षभरात तीस हजार माणसं जोडली गेली. कराडवरनं, तासगाववरनं बायका यायला लागल्या. यायच्या उखाणा घ्यायला, आणि जाताना लाजेकाजेस्तव एक परकर घेऊन जायच्या.

ह्या कामातलं सगळं शास्त्र मी माझी मीच शिकले होते, आणि त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू. बघणाऱ्याचा अंगठा पहिल्या तीन सेकंदांत पुढं सरकतो. शंभरातली साठ माणसं तिथंच निघून जातात. म्हणून सुरुवातीला असं काहीतरी दाखवायचं की अंगठा थांबला पाहिजे, आणि एकदा थांबला की शेवटपर्यंत हलला नाही पाहिजे. त्यासाठी उखाणा एक नंबर, कारण नाव शेवटाला येतं. बाई दोन ओळी म्हणते, लाजते, अडते, आणि परक्या बाईच्या नवऱ्याचं नाव ऐकायला माणसं ताटकळत बसतात. पुढं मला त्याहून भारी युक्ती सापडली. नावच कापायचं. पहिला भाग लाजण्यापाशी तोडायचा, खाली लिहायचं 'नाव दुसऱ्या भागात', आणि लोकांना दोन दिवस झुलवायचं. दुसऱ्या भागाला पहिल्याएवढी गर्दी होत नाही, पण पहिला भाग नुसता पळतो.

जयमालावहिनी माझ्या दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करायच्या. वय चौतीस-पस्तीस, हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. त्यांचे मालक अंकुशराव गलाईवाले. आमच्याकडं ह्यात नवीन काही नाही. तालुक्यातली कितीतरी पुरुषमंडळी मुलूखभर पांगलीत, आणि सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं काम करतात. अंकुशराव मदुराईला होते. त्यांचं पाच महिन्यांचं बाळ दोन दिवसांच्या तापानं गेलं. कळल्यावर ते निघाले, पण रेल्वे काय माणसाच्या जिवासाठी पळत नाही. पोचले तेव्हा बाळाला माती देऊन झाली होती. वहिनी दारात उभ्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आता कशाला आलात? परत तोंड दाखवू नका." अंकुशराव खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच वळले. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. मदुराईच्या शेठनं कळवलं, काम सोडून गेला. कोण म्हणायचं पंजाबात दिसले, कोण म्हणायचं ओडिशात. अशी चार वर्षं गेली होती.

वहिनी कुंकू लावत होत्या. पण हळदीकुंकवाचं ताट त्यांच्यापुढं आलं की धरणारीचा हात जरासा अडायचा, हिला लावायचं का नाही म्हणून. वहिनी तो अडलेला हात बघायच्या आणि स्वतःच कपाळ पुढं करायच्या. मला ते बघवायचं नाही. मी त्यांच्याबरोबर हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी मशीन थांबवून त्या म्हणाल्या, मलापण बसव की एकदा तुझ्या मोबाईलपुढं. मला आधी चेष्टा वाटली. पण त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. गलाईवाली माणसं दुपारी भट्टी निवेपर्यंत मोबाईलच बघत बसतात आणि आपल्याकडचं काही दिसलं की एकमेकांना पाठवतात, असं त्यांना त्यांच्या चुलतदिरानं सांगितलं होतं. म्हणजे अंकुशराव कुठंही असले तरी व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत जाईलच.

"मग उखाणा कशाला? सरळ सांगा ना, या म्हणून."

"मी बोलावलं असं नको दिसायला. उखाणा घेतला, एवढंच दिसू दे. कळायचं त्यांना कळंल."

"म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं."

"लपवू दे की गं जरा. चार वर्षांनी ताकाला निघालेय," त्या म्हणाल्या, आणि मशीनच्या सुईकडं बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या कासाराकडं जाऊन, दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून. मला हुरूपच आला. आईची हिरवी साडी मी त्यांना नेसवली, गजरा माळला, नथ घातली. त्या म्हणत होत्या, एवढं कशाला गं, नवी नवरी आहे का मी? मी म्हटलं, बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे वहिनी, तुम्ही गप्प बसा. उखाणा त्यांनीच रचला होता, फॉलच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून आणला होता.

झालं गेलं सोडून दिलं, राग नाही मनात,
हिरवा चुडा भरला पुन्हा दोन्ही हातांत,
ताट वाढून ठेवते रोज, उभी राहते दारात,
अंकुशरावांचं नाव घेते, या आता घरात.

दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा सगळं नीट म्हणाल्या. पहिल्या दोन ओळी हसत, ठसक्यात, आणि नावापाशी आल्यावर आवाज इतका बारीक झाला की मला मोबाईल पुढं न्यावा लागला. "या आता घरात" म्हणताना त्यांनी मोबाईलकडं बघितलंच नाही, दुकानाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, झालं ना? माझ्याच्यानं परत व्हायचं नाही. मी स्टँडची घडी घालायच्या निमित्तानं पाठ फिरवली, कारण माझेही डोळे भरले होते.

आता मी काय केलं ते सांगते. तो व्हिडिओ मी दहा वेळा बघितला. सुरुवातीला ते हसू, मग ठसक्यातल्या दोन ओळी, चुड्याचा आवाज. असलं सोनं माझ्या हाताला कधी लागलं नव्हतं. आणि मी तो दुसऱ्या ओळीवर तोडला. वहिनींचं काम होतं ते मी विसरले असं नाही. मला खरंच वाटलं, पहिला भाग लांब पळाला तर दुसराही मागोमाग पळेल, आणि नाव जास्त माणसांपर्यंत जाईल. पण त्यात माझी हावही होती. खाली लिहिलं, 'वहिनी कोणाचं नाव घेणार? नाव दुसऱ्या भागात.'

संध्याकाळपर्यंत दीड लाख लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी चार लाख. माझं तर जेवणात लक्ष लागेना. लोक लिहीत होते, काय गोड हसतात वहिनी, नव्या नवरीवाणी दिसतात, नवरदेव नशीबवान आहे. फोटो नसलेल्या कुठल्याशा खात्यावरून एकानं विचारलं, 'ह्यांचं लग्न झालं का?' असल्या प्रश्नांना सरळ उत्तर द्यायचं नसतं, हेही मी शिकलेले. मी हसरा चेहरा टाकून लिहिलं, 'दुसऱ्या भागात कळेल.'

वहिनींना मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव आलं का त्यात?"

"येतंय ना पुढच्या भागात. आधी माणसं जमू तर द्या."

"माणसं काय करायचीत गं? मला एकच माणूस पाहिजे."

"त्या एका माणसापर्यंत जायला लाख माणसं लागतात, वहिनी."

त्यांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाल्या, तुला कळतंय त्यातलं. दोन दिवसांनी मी दुसरा भाग टाकायचा, तो चौथ्या दिवशी टाकला, कारण पहिला अजून चढत होता. पहिला नऊ लाखांवर जाऊन थांबला. ज्यात नाव होतं, तो दुसरा भाग चौदा हजार लोकांनी बघितला.

मग वाट बघणं सुरू झालं. वहिनींनी पायरीवरचं मशीन फिरवून घेतलं. आधी तोंड दुकानाकडं असायचं, आता रस्त्याकडं. साडी दाबाखाली सरकवताना नजर एकदा एसटी स्टँडच्या बाजूला जायची. रोज मशीन झाकताना विचारायच्या, आलं का काही? मी मोबाईल चाळून सांगायचे, अजून नाही. एकदा दुपारी फॉलचे गठ्ठे द्यायला त्यांच्या घरी गेले, तर चुलीपाशी दोन ताटं होती. एक खरकटं, एक वाढून वर ताटली झाकलेलं. उखाण्यातली ओळ मला जुळवलेली वाटली होती. तशीच परत आले. तेव्हाच सांगायला हवं होतं की मी कापाकापी केली ती चूक केली, पण तेव्हा मला चूक कुठं झाली तेच कळलं नव्हतं.

दसऱ्याला गलाईवाली माणसं गावाकडं येतात. खंडेनवमीच्या सकाळी दुकानापुढं एक माणूस येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी. पाटीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं, परत पाटीकडं. मी विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, मी सर्जेराव, खानापूरकडचा, लुधियानाला गलाईच्या दुकानात असतो. व्हिडिओत ह्या दुकानाची पाटी दिसली म्हणून इथं आलो, बाईंचं नवीन घर कुठं ते काही माहीत नव्हतं.

वहिनी पायरीवरच होत्या. त्यांना बघून तो गडबडला. नमस्कार केला आणि पिशवी पुढं केली.

"अंकुशनं पाठवलंय. म्हणाला, लग्नाला काही येता आलं नाही. आहेर तेवढा पोचव."

पिशवीत एक साडी होती, चिंतामणी रंगाची. वर खण आणि नारळ.

वहिनी म्हणाल्या, "कुणाच्या लग्नाला?"

सर्जेरावांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. मग मोबाईल काढून दाखवला. त्यांच्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलेला माझा पहिला भाग होता. झालं गेलं सोडून दिलं, हिरवा चुडा भरला पुन्हा, आणि पुढं काही नाही. अंकुशनं तो जेवणाच्या सुट्टीत बघितला, असं ते सांगत होते. परत परत बघितला. मग म्हणाला, बरं झालं, तिनं संसार मांडला. त्याच आठवड्यात बाजारात जाऊन साडी आणली.

"ह्याला दुसरा भाग आहे," मी म्हटलं.

"असतो होय?" सर्जेराव म्हणाले. "आम्हाला एवढाच आला."

मी त्यांना तिथल्या तिथं लुधियानाला फोन लावायला लावला. दुकानाचा मालक म्हणाला, तो तर तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी हिशेब करून गेला. कुठं, ते बोलला नाही. आता गावाकडं बघायचं काही राहिलं नाही, एवढं म्हणाला होता.

सर्जेराव माफी मागत निघून गेले, त्या बिचाऱ्याचा काय दोष? वहिनींनी साडीची घडी उलगडली, काठ बोटांनी चाचपला, आणि फॉलच्या खोक्यात त्या रंगाचा फॉल शोधायला लागल्या. मी दुकानात शिरून मोबाईल उघडला. तो प्रश्न मला आठवला होता, लग्न झालं का विचारणारा. आता तो तिथं नव्हता. विचारणाऱ्यानं पुसून टाकला होता, आणि त्याच्याबरोबर माझं उत्तरही गेलं होतं. ते खातं कुणाचं होतं हे मला आजही माहीत नाही. मी बोलले नसते तर वहिनींना कधी कळलं नसतं. देवाशप्पथ, घटकाभर मनात आलं की गप्प बसावं.

मग बाहेर येऊन पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. तो प्रश्न, तो हसरा चेहरा, चौथ्या दिवसापर्यंत थांबवलेला भाग. म्हटलं, मला चार शिव्या घाला, वहिनी. मारा हवं तर.

त्या फॉल टाचत होत्या. टाका पुरा केला, दोरा तोडला.

"तू अर्धंच दाखवलंस," त्या म्हणाल्या. "मी काय केलं होतं? मीपण अर्धंच बोलले होते. तोंड दाखवू नका म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. पुढचं तोंडात राहिलं."

"पुढचं काय होतं?"

"निदान जेवून जा, असं म्हणणार होते. दोन दिवसांचा उपाशी होता गं तो माणूस. तोवर वळला."

चार वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी रडल्या. साडीवर डाग पडू नये म्हणून साडी बाजूला ठेवली आणि मग रडल्या. मीही रडले. एक बाई मॅचिंगचा परकर घ्यायला आली होती, ती आमच्याकडं बघून परत गेली.

दसऱ्याच्या दिवशी दुकान पूजेपुरतंच उघडलं होतं. मशीनला हळदकुंकू वाहून वहिनी आत आल्या. अंगावर तीच चिंतामणी साडी. हातात हिरवा चुडा, त्यातल्या दोन-तीन बांगड्या एव्हाना पिचल्या होत्या. गजरा नाही, नथ नाही. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, लाव तुझा मोबाईल.

मी म्हटलं, उखाणा लिहून आणलाय का?

"उखाणा नाही. लोक तीन सेकंदांत जातात म्हणतेस ना? मग तीन सेकंदांत मावंल तेवढंच बोलते."

आमच्याकडं बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर शेजारणीला सांगायला लावणाऱ्या बायका मी बघितल्यात. वहिनीही त्यातल्याच, 'ते' आणि 'त्यांनी' ह्याच्यापुढं कधी गेल्या नाहीत. मी मोबाईल सुरू केला. त्यांनी ह्या वेळी दाराकडं बघितलं नाही, सरळ माझ्या मोबाईलमध्ये बघितलं.

"अंकुश, घरी या."

मी थांबून राहिले, अजून काही बोलतील म्हणून. त्यांनी मान हलवली. झालं होतं.

मी तो तसाच टाकला. कापला नाही, गाणं लावलं नाही, खाली काही लिहिलं नाही. खात्यावर तोच सगळ्यांत वर ठेवलाय, आणि तो लोकांना दिसत राहावा म्हणून बाकीचं सगळं करते. उखाणे चालू आहेत, परकर विकले जातात, लग्न झालं, पोरगी शाळेत जायला लागली. दुसरा भाग मात्र मी त्यानंतर एकदाही केला नाही. तो छोटा व्हिडिओ आतापर्यंत किती जणांनी बघितला ते वहिनींना मी सांगत नाही आणि त्याही विचारत नाहीत. त्यांचं मशीन अजून रस्त्याकडं तोंड करूनच असतं.

दिवस मावळायला लागला की त्या एवढंच विचारतात, "शेवटपर्यंत बघतात का गं लोक?"

"बघतात, वहिनी. तेवढाच तर आहे."

मग त्या मशीनवर कापड टाकतात आणि ताटं वाढायला घरी जातात.